यकृत, काळीज आणि पेंडीचे पोते : पशुखाद्यविषयक मराठी लेखनाचे एक परीक्षण

१

भाषा आणि वाङ्मय यांच्या अभ्यासास वाहिलेल्या पत्रिकेत गुरांच्या खाद्याची आणि यकृताची चर्चा पाहून काही वाचकांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. समीक्षा म्हटली की काव्य, नाटक, कादंबरी हेच विषय आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु मराठीत प्रतिवर्षी जो मजकूर छापला जातो त्याचा फार मोठा भाग वाङ्मय या संज्ञेस पात्र नसतो. तो व्यवहाराचे गद्य असतो. पशुखाद्याच्या पोत्यावरील मजकूर, पशुसंवर्धनाची माहिती देणारी घडीपत्रिका आणि कृषिविषयक नियतकालिकांतील सल्लावजा लेख हे या गद्याचे तीन प्रमुख प्रकार होत. कादंबरीचा वाचक पुस्तक मिटल्यावर विचार करीत बसू शकतो. या गद्याचा वाचक मात्र वाचन संपताच गोठ्यात जातो आणि वाचलेले आचरतो. वाक्य संदिग्ध असेल तर त्या संदिग्धतेची किंमत जनावर भरते आणि त्यानंतर त्याचा धनी. म्हणून या गद्याची समीक्षा अधिक काटेकोरपणे व्हावयास हवी. प्रत्यक्षात ती मुळीच होत नाही.

प्रस्तुत लेखात या विस्तृत क्षेत्रातील एकच प्रश्न निवडला आहे. खाद्यात मिसळली जाणारी विविध द्रव्ये आणि गुरांच्या यकृतातील चयापचय यांचा संबंध मराठीत कोणत्या शब्दांनी आणि कोणत्या वाक्यरचनांनी सांगितला जातो, हा तो प्रश्न. यकृत हे निवडण्याचे कारण असे की ते दिसत नाही. जे डोळ्यांना दिसते त्याला आमच्या भाषेने उत्तम नावे दिली आहेत. देवणी गुरांतील वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे भेद केवळ रंगाच्या आणि ठिपक्यांच्या ठेवणीवरून लोकांनी पाडले आणि ते शास्त्रानेही स्वीकारले. रवंथ, पोटफुगी, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत हे शब्द कोणत्याही समितीने घडविलेले नाहीत. परंतु चामड्याआड, बरगड्यांच्या उजव्या बाजूस जे अखंड चालले आहे त्याला लोकभाषेत नाव नाही. अदृश्य क्रियेचे वर्णन करू पाहणाऱ्या गद्याची कसोटी येथेच लागते.

२

पहिला प्रश्न असा की, हे लेखन ज्या जनावराविषयी बोलते ते जनावर कोणते? खाद्यद्रव्यांचा यकृतावरील परिणाम या विषयाचे पुष्कळसे ज्ञान अमेरिकेतील मांसोत्पादनासाठी पोसल्या जाणाऱ्या गोवंशाच्या अभ्यासातून आले आहे. तेथे खच्ची केलेले तरुण गोऱ्हे अखेरचे काही महिने मोठ्या वाड्यांत ठेवले जातात आणि त्यांच्या आहारात धान्याचे प्रमाण फार मोठे असते. पिष्टमय धान्य कोठीपोटात झपाट्याने आंबते, आम्लता वाढते, कोठीपोटाच्या अस्तरास इजा होते आणि त्या वाटेने फ्युजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम नावाचे जंतू प्रतिहारी शिरेतून यकृतात शिरून तेथे गळवे निर्माण करतात. ही गळवे कमी व्हावीत म्हणून टायलोसिनसारखे प्रतिजैविक खाद्यातून देण्याची प्रथा तेथे पडली. खाद्याचा उतारा वाढावा म्हणून मोनेन्सिन हे द्रव्य १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तेथे वापरात आले.

आता या माहितीचा मराठी अनुवाद अर्धापूर, कंधार, मुखेड किंवा देवणी येथील वाचकापुढे ठेवला म्हणजे काय होते ते पाहावे. या भागातील लाल कंधारी आणि देवणी ही गुरे मुख्यतः ओढकामासाठी आणि काही अंशी दुधासाठी जोपासली गेली. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी वळूचे मोल ठरते ते त्याच्या बांध्यावरून, रंगावरून आणि चालीवरून. खाटकाच्या तराजूवरून नव्हे. शिवाय महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमातील १९९५ ची सुधारणा मार्च २०१५ मध्ये अंमलात आल्यापासून गायीप्रमाणेच बैल आणि वळू यांच्या कत्तलीसही राज्यात बंदी आहे. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरविली. या कायद्याच्या गुणावगुणांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. भाषिक वस्तुस्थिती एवढीच की, ज्याला इंग्रजीत एका जोडशब्दाने ओळखतात ते ‘मांसासाठी पोसलेले गाईचे वासरू’ मराठवाड्याच्या गोठ्यात नाही आणि म्हणून त्याला मराठीत रूढ शब्दही नाही. अनुवादक मग ‘जनावरे’ असा मोघम शब्द योजतो. मूळ लेखातील धान्यावर पोसलेला अमेरिकन गोऱ्हा आणि ज्वारीच्या कडब्यावर राबणारा आमचा बैल हे दोघे या एका शब्दाच्या दाव्याला बांधले जातात. धान्याच्या अतिरेकाने होणाऱ्या व्याधीवरील उपाय मग ज्याच्या दावणीला धान्य क्वचितच पडते त्याच्यासाठी सुचविला जातो.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. यकृताविषयीचे ते परदेशी ज्ञान मुख्यतः कत्तलखान्यातील तपासणीतून निर्माण झाले. तेथे प्रत्येक जनावराचे यकृत तपासनीसाच्या डोळ्यांखालून जाते आणि गळू असलेले यकृत बाजूस काढले जाते. आमच्या बैलाचे यकृत त्याच्या हयातीत आणि बहुधा मृत्यूनंतरही कोणी पाहत नाही. म्हणजे ज्या निरीक्षणावर मूळ विधान उभे आहे ते निरीक्षण आमच्याकडे होतच नाही. अशा वेळी प्रामाणिक लेखकाने निदान एवढे सांगावयास हवे की, हा निष्कर्ष कोणत्या देशातील, कोणत्या आहारावरील, कोणत्या वयाच्या जनावरासंबंधी आहे. हे न सांगता केलेला अनुवाद शब्दशः बरोबर असूनही अर्थतः चुकीचा ठरतो.

३

दुसरा प्रश्न अवयवाच्या नावाचा. ‘यकृत’ हा शब्द आपण संस्कृतमधून जसाच्या तसा घेतला आहे. तो फार प्राचीन आहे. ग्रीकमधील ‘हेपार’, लॅटिनमधील ‘इएकुर’ आणि फारसीतील ‘जिगर’ हे सर्व त्याचेच सगोत्र होत. मराठवाड्यात या कुळातील दोन भावंडे शेजारी नांदतात आणि एकमेकांस ओळखत नाहीत. ‘यकृत’ घडीपत्रिकेत राहते. ‘जिगर’ फारसी-उर्दूच्या वाटेने बोलीत आली, अवयवाचा अर्थ मागे टाकून धैर्याचा अर्थ घेऊन बसली आणि ‘जिगरबाज’ बैलाची वाखाणणी करू लागली.

तिसरा शब्द ‘काळीज’. त्याचा संबंध संस्कृत ‘कालेय’ या यकृतवाचक शब्दाशी आहे; म्हणजे मुळात काळीज हे यकृतच. परंतु मराठीत काळीज धडधडते, फाटते, हलते, उलटेही असते. ही सर्व कामे हृदयाची आहेत. तथापि मटणाच्या दुकानात ‘काळीज’ किंवा ‘कलेजी’ मागणाऱ्याच्या पिशवीत यकृतच पडते. त्यामुळे एकाच वक्त्याच्या मुखी हा शब्द प्रसंगानुसार दोन अवयवांचा वाचक होतो. चौथा शब्द ‘लिव्हर’. तो पशुवैद्याकडून आणि औषधाच्या बाटलीवरून आला.

या परिस्थितीत लेखकाने कोणता शब्द वापरावा? केवळ ‘काळीज’ म्हटले तर वाचक हृदय समजण्याचा संभव आहे. केवळ ‘यकृत’ म्हटले तर अर्थ निश्चित राहतो, परंतु चित्र उभे राहत नाही. माझ्या मते शास्त्रीय निश्चितीसाठी ‘यकृत’ हाच शब्द राखावा. मात्र प्रथमोल्लेखाच्या वेळी ‘बकऱ्याची कलेजी म्हणतो तोच अवयव’ एवढे अर्धे वाक्य जोडावे. या अर्ध्या वाक्याने संज्ञेची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट आजवर पोकळ राहिलेल्या संज्ञेला वजन, रंग आणि जागा मिळते. प्रचलित लेखनात असा प्रयत्न क्वचितच आढळतो. लेखकांस ‘यकृत’ हा शब्द परिचित असल्याने तो वाचकासही असेल, असे ते गृहीत धरतात.

४

‘चयापचय’ या संज्ञेने केलेला घोटाळा याहून गंभीर आहे. ही संज्ञा घडविणाऱ्यांचा हेतू उत्तम होता. ‘चि’ म्हणजे गोळा करणे, रचणे. त्यापासून ‘चय’ म्हणजे घडण आणि ‘अपचय’ म्हणजे मोडण. शरीरातील द्रव्यांची घडण आणि मोडण या दोन्ही बाजू एका सामासिक शब्दात आल्या. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या संज्ञेत बोट ठेवण्यास जागा नाही. परंतु शब्दाचे जीवन व्युत्पत्तीवर चालत नाही. ते ऐकणाऱ्याच्या मनातील सहवासावर चालते. मराठी कानाला ‘चयापचय’ ऐकताच त्यातील ‘पच’ ही अक्षरे खुणावतात आणि ‘पचन’, ‘अपचन’, ‘पचणे’ हा ‘पच्’ धातूचा परिवार पुढे येतो. दोन धातूंचा परस्परांशी काहीही संबंध नसताना केवळ ध्वनिसाम्यामुळे ‘चयापचय’ म्हणजे ‘पचन’ अशी लोकव्युत्पत्ती रूढ झाली. तिचा परिणाम असा की, ‘यकृतातील चयापचय सुधारतो’ हे वाक्य ‘पचन सुधारते, भूक लागते’ असे वाचले जाते. यकृताच्या नावाने विकल्या जाणाऱ्या टॉनिकांच्या जाहिराती याच गैरसमजावर उभ्या असतात. भूक, पचन, दूध, तकाकी या चारही गोष्टी तेथे एका दमात येतात आणि यकृत नेमके काय करते हे कोठेच येत नाही.

वस्तुतः रवंथ करणाऱ्या प्राण्यात पचन आणि चयापचय यांतील सीमा फार स्पष्ट आहे आणि ती सांगितल्याखेरीज खाद्यद्रव्यांचा एकही परिणाम समजणे शक्य नाही. कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव कडबा आंबवितात. त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही तीन आम्ले प्रामुख्याने निर्माण होतात आणि कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात. माणसाप्रमाणे गाईच्या आतड्यातून साखर मोठ्या प्रमाणात शोषली जात नाही. तरीही मेंदूला, गर्भाला आणि दुधातील शर्करेसाठी कासेला साखर लागतेच. ही साखर यकृत तयार करते आणि त्यासाठी त्याचा मुख्य कच्चा माल म्हणजे प्रोपिऑनिक आम्ल. थोडक्यात, गाय कडब्यातून साखर खात नाही. कडब्यापासून सूक्ष्मजीव आम्ल करतात आणि आम्लापासून यकृत साखर करते.

एवढा एक परिच्छेद वाचकास दिला की पुढील सर्व गोष्टींना आधार मिळतो. विण्यानंतर गाय-म्हशीचे खाणे दुधाच्या मागणीस पुरे पडत नाही, तेव्हा अंगावरची चरबी वितळून यकृताकडे येते. गुरांचे यकृत ती चरबी झपाट्याने बाहेर पाठवू शकत नाही. ती तेथे साचते आणि रक्तात कीटोन द्रव्ये वाढतात. हे सर्व भूक मंदावण्याचे कारण आहे, केवळ तिचा परिणाम नव्हे. ज्याने पचन आणि चयापचय यांत भेद केला नाही तो येथे पाचक चूर्ण देऊन स्वस्थ बसेल.

५

आता खाद्यद्रव्यांच्या नामकरणाकडे वळू. पोत्यावर, पत्रिकेत आणि लेखात सर्वत्र एकच शब्द आढळतो, तो म्हणजे ‘पूरक’. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारे. या शब्दात एक नैतिक आश्वासन दडलेले आहे. जे उणे होते तेच भरले जात आहे, तेव्हा यात अपाय असण्याचे कारण नाही, असे तो वाचकास सुचवितो. परंतु या एका शब्दाखाली यकृताशी सर्वस्वी भिन्न नाते असलेली चार प्रकारची द्रव्ये एकत्र कोंबली गेली आहेत.

पहिला प्रकार खऱ्या अर्थाने पूरकांचा. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनपासून जनावराच्या शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याचा साठा यकृतात राहतो. १९७२ च्या दुष्काळासारख्या काळात, जेव्हा महिनोन् महिने हिरवे पानही मिळत नाही, तेव्हा जनावर या साठ्यावर तगते आणि साठा सरला म्हणजे रातांधळेपणासारखी लक्षणे उमटतात. येथे यकृत हे कोठार आहे आणि जीवनसत्त्व वा खनिज मिश्रण हे रिते कोठार भरणारे पूरक आहे. शब्द येथे चपखल बसतो.

दुसरा प्रकार पर्यायी द्रव्यांचा. त्याचे ठळक उदाहरण युरिया. कोठीपोटातील सूक्ष्मजीव युरियाचे अमोनियात रूपांतर करतात आणि आहारात पुरेशी पिष्टमय वा शर्करामय द्रव्ये असतील तर त्यापासून स्वतःची प्रथिने घडवितात. परंतु अमोनिया अधिक झाला की तो रक्तात जातो आणि यकृतास त्याचा पुन्हा युरिया करावा लागतो. यकृतातील हे चक्र क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडून दाखविले. यकृताच्या आवाक्याबाहेर अमोनिया गेला तर जनावर थोड्या अवधीत दगावू शकते. येथे यकृत कोठार नसून ओझे वाहणारे आहे. अशा द्रव्यास ‘पूरक’ म्हणणे म्हणजे ओझ्यास शिदोरी म्हणण्यासारखे आहे.

तिसरा प्रकार, ज्यास मी ‘प्रभावक’ म्हणू इच्छितो. मोनेन्सिन कोणतीही उणीव भरीत नाही. ते कोठीपोटातील काही जिवाणूंना आवर घालते, त्यामुळे मिथेन वायू कमी होतो आणि प्रोपिऑनिक आम्लाचे प्रमाण वाढते. अर्थात यकृताच्या हाती साखरेचा कच्चा माल अधिक येतो. परिणाम उपयुक्त आहे, परंतु तो आहाराचा नव्हे, औषधाचा आहे. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात घालण्यावर १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली, तेव्हा मोनेन्सिनचा गुरांतील हा वापर थांबला. पुढे २०१३ मध्ये तेच द्रव्य कीटोसिसच्या प्रतिबंधासाठी, पशुवैद्याच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध म्हणून तेथे मान्य झाले. द्रव्य तेच राहिले, संज्ञा बदलली आणि संज्ञेबरोबर ते देण्याचा अधिकार कोणाचा हेही बदलले. हेच द्रव्य घोड्याच्या तोंडी थोडेसे गेले तरी प्राणघातक ठरते. ज्या गोठ्याशेजारी तट्टू बांधलेले आहे तेथे ‘पूरक’ हा शब्द किती धोक्याचा आहे, हे वेगळे सांगावयास नको. आमच्याकडेही शासनाने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाची अन्नोत्पादक प्राण्यांसाठी आणि त्यांच्या खाद्यपूरकांसाठी निर्मिती व विक्री बंद केली. औषध आणि खाद्य यांतील सीमा पुसली गेली होती म्हणूनच हे करावे लागले.

चौथा प्रकार बंधकांचा. सरकी वा शेंगदाणा पेंड ओलसर जागी राहिली की तिच्यावर बुरशी धरते. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, १९६० मध्ये इंग्लंडात शेंगदाणा पेंड खाऊन टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेल्यानंतर उजेडात आले. हे विष प्रथम यकृतावर आघात करते. दुभत्या जनावराच्या यकृतात त्याचे रूपांतर होऊन त्याचा अंश दुधात उतरतो. म्हणूनच दुधातील अशा अंशाची मर्यादा भारतात एका किलोस ०·५ मायक्रोग्रॅम ठरविली आहे. बेंटोनाइटसारखी माती खाद्यात मिसळली तर ती आतड्यात या विषाला बांधून ठेवते आणि यकृतापर्यंत जाणारा भार हलका होतो. परंतु बंधक म्हणजे बुरशी लागलेली पेंड खाऊ घालण्याचा परवाना नव्हे. ‘पूरक’ म्हटल्याने मात्र तसाच समज होतो.

कोठार भरणारे, ओझे वाढविणारे, कच्चा माल बदलणारे आणि ओझे उतरविणारे अशा चार परस्परभिन्न वस्तूंना एकच नाव देणारी परिभाषा वाचकाचा विचार थांबविते. पूरक, पर्यायी, प्रभावक आणि बंधक ही चार नावे मी येथे सुचवीत आहे. याहून चांगली नावे कोणास सुचल्यास आनंदच आहे. आग्रह आहे तो नावांचा नव्हे, भेदांचा.

६

शब्दांनंतर वाक्यरचनेचा विचार. या गद्याचे सर्वांत ठळक व्याकरणिक लक्षण म्हणजे ‘-वे’ प्रत्ययान्त विध्यर्थ: द्यावे, टाळावे, मिसळावे, काळजी घ्यावी. ही रचना मराठीत सौजन्याची आहे आणि ती मुळीच त्याज्य नाही. परंतु तिच्यात कर्ता सहज गळतो आणि कर्त्याच्या मागोमाग प्रमाण, वेळ आणि अटही गळतात. नमुन्यादाखल या धर्तीचे एक वाक्य रचून पाहू: “निकृष्ट चाऱ्यावर चार टक्के युरियाची प्रक्रिया करून तो जनावरांस द्यावा.” व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे, परंतु चार टक्के कशाचे? पाण्याचे की चाऱ्याचे? ‘जनावरांस’ म्हणजे लहान वासरासही? प्रक्रिया केल्यावर लगेच?

आता त्याच आशयाची दुसरी मांडणी पाहावी: “शंभर किलो कोरडा कडबा वा भुसकट घ्या. चार किलो युरिया चाळीस ते साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून ते पाणी थरांवर सारखे शिंपडा आणि हवा न शिरेल असे झाकून एकवीस दिवस ठेवा. या दिवसांत युरियाचा अमोनिया होतो आणि तो कडब्याचे कठीण धागे सैल करतो. खाऊ घालण्यापूर्वी वैरण काही वेळ उघडी पसरा, म्हणजे उरलेला अमोनिया उडून जाईल. सहा महिन्यांखालील वासरास ती देऊ नका, कारण त्याचे कोठीपोट अजून तयार झालेले नसते. युरियाचे पाणी उरले तर जनावर तोंड घालील अशा जागी ठेवू नका.” हे गद्य अधिक लांब आहे हे खरे, परंतु यातील प्रत्येक जादा शब्द एका संभाव्य अपघाताच्या आड उभा आहे. शिवाय कारण सांगितल्यामुळे वाचक केवळ आज्ञाधारक राहत नाही. तो स्वतः निर्णय करू शकतो. अर्धापूरच्या शेतकऱ्यास युरिया परका नाही. केळीच्या आणि हळदीच्या पिकास तो देत आला आहे. नेमक्या याच परिचयामुळे खतासाठी भिजविलेले पाणी आणि वैरणीसाठी भिजविलेले पाणी यांतील भेद त्यास शब्दांनी करून द्यावा लागतो.

लोकभाषेत कारण सांगण्याची शक्ती नाही, असा आक्षेप कोणी घेईल तर त्यास ‘किराळ’ या शब्दाचे उत्तर आहे. कोवळी वा पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी खाल्ल्याने जनावर तडफडू लागले की त्यास ‘किराळ लागली’ असे म्हणतात. या एका शब्दात पीक, त्याची अवस्था आणि परिणाम हे तिन्ही सामावले आहेत. शास्त्राने यापुढे इतकेच सांगितले की, कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचे द्रव्य असते, चावल्यावर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते, आणि यकृतातील एक विकर गंधकयुक्त द्रव्याच्या साहाय्याने त्या विषाचे सौम्य द्रव्य करते. सोडियम थायोसल्फेट हे औषध देतात ते यकृतास हे गंधक पुरविण्यासाठी. किराळीपासून यकृतापर्यंत जाणारा हा रस्ता अवघ्या चार वाक्यांचा आहे. असे असता किराळीवरील लेखन बहुधा ‘सायनाइड विषबाधा’ या शीर्षकाने आरंभ करते आणि वाचकाच्या घरचा शब्द कंसात ढकलते. वस्तुतः क्रम उलट हवा. ज्ञात शब्दापासून अज्ञात क्रियेकडे जावे, हा अध्यापनाचा पहिला नियम होय.

या संदर्भात महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथाचे स्मरण होते. शेतकऱ्याची जनावरे का घटली आणि का खंगली याची मीमांसा करताना गोऱ्या शिपायांच्या आहाराकडे आणि चराऊ राने बंद करणाऱ्या जंगलखात्याकडे त्यांनी थेट बोट दाखविले. त्यांच्या प्रत्येक निष्कर्षाशी सहमत होण्याची येथे आवश्यकता नाही. मुद्दा शैलीचा आहे. त्यांच्या गद्यात कर्ता हरवत नाही. कोणी काय केले आणि त्याचा परिणाम कोणावर झाला, हे वाक्यातच असते. मराठीतील कृषिविषयक गद्याची ही परंपरा आहे. आजच्या घडीपत्रिकेने ती सोडून कार्यालयीन टिपणीची शैली पत्करली, हे तिचे दुर्दैव होय.

७

या लेखनाची दुसरी बाजूही मांडावयास हवी. अल्प जागा, घाई आणि इंग्रजी मूळ या तिन्ही अडचणींत ते लिहिले जाते, आणि लिहिणारे बहुधा पशुवैद्यक असतात, भाषेचे अभ्यासक नसतात. कडबा, कुट्टी, चुणी, सरकी, कोठीपोट, खुराक हे शब्द त्यांनी टिकविले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून जी परिभाषा घडविली गेली तिचेही महत्त्व नाकारता येणार नाही. समान संज्ञेखेरीज परभणीच्या प्राध्यापकाचे म्हणणे उदगीरच्या विद्यार्थ्यास कळणार नाही. संस्कृतोद्भव संज्ञा टाकून सर्वत्र बोलीतील शब्द वापरावेत, असे माझे प्रतिपादन मुळीच नाही. ‘काळीज’ या शब्दाची द्व्यर्थता दाखविली ती यासाठीच.

म्हणणे असे की, संज्ञा हा स्पष्टीकरणाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. प्रचलित लेखन संज्ञा उच्चारून थांबते आणि ज्ञान पोहोचले असे समजते. दोष द्यावयाचा तर तो केवळ त्या लेखकांस देऊन चालणार नाही. आमच्या विद्यापीठीय मराठी विभागांनी व्यवहाराच्या गद्याकडे पाठ फिरविली. भाषेचा अभ्यास करणारे गोठ्यापर्यंत गेले नाहीत आणि गोठ्यातील शास्त्र जाणणारे भाषेच्या अभ्यासकांकडे आले नाहीत. नांदेड-लातूर परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस यात संशोधनाचे विपुल क्षेत्र आहे. पशुखाद्यावरील मजकुराचा संग्रह करावा; त्यातील प्रत्येक उपदेशपर वाक्यात कर्ता, प्रमाण, अट आणि कारण ही चार अंगे आहेत की नाहीत याची नोंद करावी; तोच मजकूर पशुपालकांकडून वाचवून घेऊन त्यांस काय समजले हे त्यांच्याच शब्दांत टिपावे. अशा कामास मोठी साधनसामग्री लागत नाही. वही, चिकाटी आणि पशुवैद्यक महाविद्यालयातील एखाद्या जाणकाराचे सहकार्य पुरेसे आहे.

सारांश, परीक्षणाखालील गद्य माहितीच्या दृष्टीने बव्हंशी खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण ज्ञानाचे नसून रचनेचे आहे. जनावर कोणते ते सांगत नाही, अवयव दाखवीत नाही, क्रिया उलगडत नाही, द्रव्यांचे भेद करीत नाही आणि उपदेशातून कर्ता व कारण वगळते. हे पाचही दोष सुधारता येण्याजोगे आहेत आणि त्यासाठी मराठीस एकही नवा शब्द उसना घ्यावा लागणार नाही. ज्या भाषेने किराळीसारखा शब्द घडविला तिच्यात यकृताचे काम सांगता येत नाही, असे मानण्यास आधार नाही. सांगणाऱ्याने तेवढे कष्ट घेतले पाहिजेत.